अवलंबन स्थापना-त्रुटींचे दस्तऐवजीकरण

अवलंबन स्थापना-त्रुटींचे दस्तऐवजीकरण म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअर प्रकल्पाला लागणारी इतर पॅकेजे संगणकावर बसवताना येणारे अडथळे, त्यांची कारणे आणि त्यांवरील उपाय पुढील वापरकर्त्यांसाठी पद्धतशीरपणे लिहून ठेवणे होय. हे लेखन सामान्यतः प्रकल्पाच्या परिचय-फाइलमध्ये, स्थापना-मार्गदर्शिकेत किंवा 'अडचणी व उपाय' अशा स्वतंत्र प्रकरणात केले जाते. प्रकल्पाशी नवागताची पहिली गाठ स्थापनेच्या वेळी पडते. त्या टप्प्यावर अडलेला विद्यार्थी पुष्कळदा प्रकल्पाच्या मुख्य विषयापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून या लेखनाचे महत्त्व प्रकल्पाच्या मूळ संहितेपेक्षा कमी मानले जात नाही.

अशा नोंदीत उपायाबरोबर त्या उपायाच्या अटीही लिहिलेल्या असाव्या लागतात. कोणत्या कार्यप्रणालीवर, कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या कारणासाठी तो उपाय लागू पडतो हे न सांगितल्यास काही काळाने तीच नोंद नव्या अडचणीचे कारण ठरते.

संकल्पना

आजचे बहुतेक सॉफ्टवेअर स्वतःच्या बळावर पूर्ण नसते. आलेख काढणे, चित्रे वाचणे, गणिते करणे, जाळ्यावरून माहिती आणणे अशी कामे ते इतरांनी लिहिलेल्या पॅकेजांकडून करून घेते. अशा पॅकेजला त्या सॉफ्टवेअरचे अवलंबन म्हणतात. प्रकल्पाने स्वतः नाव घेऊन मागितलेले पॅकेज हे प्रत्यक्ष अवलंबन, तर त्या पॅकेजला पुढे लागणारी पॅकेजे ही अप्रत्यक्ष अवलंबने होत. लहानशा प्रकल्पाचीही अप्रत्यक्ष अवलंबने शेकड्यांनी असू शकतात. ही पॅकेजे शोधून, त्यांच्या परस्परांना जुळणाऱ्या आवृत्त्या ठरवून ती बसवण्याचे काम पॅकेज-व्यवस्थापक करतो. पायथॉन भाषेसाठी पिप व कोंडा, जावास्क्रिप्टसाठी एनपीएम, डेबियन व उबंटू या लिनक्स प्रणालींसाठी एपीटी हे प्रसिद्ध पॅकेज-व्यवस्थापक आहेत.

अप्रत्यक्ष अवलंबनाची कल्पना लोहमार्गाच्या उदाहरणाने स्पष्ट होते. दौंड–मनमाड लोहमार्गावरील पुणतांबा स्थानकापासून साईनगर शिर्डीकडे जाणारा फाटा निघतो. मुख्य मार्गावर अडथळा आला, तर शिर्डीच्या फाट्याचे रूळ सुस्थितीत असूनही त्या मार्गाने येणारी गाडी शिर्डीला पोहोचत नाही. शिर्डीच्या फलाटावर थांबलेल्या प्रवाशाला गाडी आली नाही एवढेच कळते, अडथळा कोठे आहे हे तेथून दिसत नाही. स्थापना-त्रुटी आलेल्या वापरकर्त्याची स्थितीही अशीच असते. पडद्यावर त्रुटी एका पॅकेजच्या नावाने दिसते आणि तिचे मूळ मात्र दोन-तीन पायऱ्या मागे असलेल्या दुसऱ्याच पॅकेजमध्ये असते.

जुलै २०२३ मधील एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या महिन्यात सायथॉन या साधनाची ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. पायवायएएमएल हे पॅकेज मूळ संहितेतून बांधताना सायथॉनची उपलब्ध असलेली नवी आवृत्ती घेतली जात असे. परिणामी पायवायएएमएलच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये एकही ओळ बदललेली नसताना, त्या मूळ संहितेतून बांधणाऱ्यांची स्थापना अचानक बंद पडली. पायवायएएमएलच्या ६.०.१ या आवृत्तीत सायथॉनला ३.० च्या खालची मर्यादा घालून ही अडचण दूर करण्यात आली.

पार्श्वभूमी

प्रारंभी सॉफ्टवेअर मूळ संहितेच्या स्वरूपात वाटले जाई आणि त्यासोबत 'इन्स्टॉल' या नावाची एक मजकूर-फाइल असे. काय आधी बसवावे आणि कोणत्या क्रमाने बांधावे याच्या सूचना तीत असत. पर्ल भाषेसाठी १९९५ मध्ये सीपॅन हा सामायिक संग्रह सुरू झाला. डेबियनच्या १९९९ मधील २.१ या आवृत्तीत एपीटीचा समावेश झाला आणि अवलंबने आपोआप शोधून बसवण्याची सोय सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचली. विंडोजवर एकाच सामायिक फाइलच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमुळे होणाऱ्या गोंधळाला 'डीएलएल हेल' असे नाव पडले होते. पुढे हीच संज्ञा व्यापक होऊन 'डिपेन्डन्सी हेल', म्हणजे अवलंबनांचा नरक, अशी रूढ झाली.

व्यवस्थापक आले तरी त्रुटी संपल्या नाहीत. परस्परांना जुळणाऱ्या आवृत्त्यांचा संच शोधणे हा प्रश्न गणनशास्त्रात एनपी-पूर्ण या कठीण वर्गात मोडतो. शिवाय प्रत्येक पॅकेज स्वतंत्र माणसे स्वतंत्र वेळापत्रकाने बदलत असतात. पिपनेही नोव्हेंबर २०२० मधील २०.३ या आवृत्तीपासून आवृत्त्यांचा मेळ काटेकोरपणे घालण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी परस्परविरोधी आवृत्त्या बसवून केवळ इशारा देणे त्याला चालत असे. त्यामुळे आधी सुरळीत वाटणाऱ्या अनेक स्थापना या बदलानंतर त्रुटी दाखवू लागल्या. संघर्ष पूर्वीही होता, तो आता स्थापनेच्या वेळीच दिसू लागला.

त्रुटींचे प्रमुख प्रकार

आवृत्ती-संघर्ष: दोन पॅकेजांना एकाच तिसऱ्या पॅकेजच्या न जुळणाऱ्या आवृत्त्या हव्या असतात. एनपीएमच्या सातव्या आवृत्तीपासून सहयोगी अवलंबनेही आपोआप बसवली जाऊ लागली, तेव्हापासून जावास्क्रिप्ट प्रकल्पांत हा प्रकार ठळकपणे दिसतो.

बांधणी-साधनांचा अभाव: पॅकेजची तयार बांधलेली प्रत उपलब्ध नसेल, तर ते वापरकर्त्याच्या संगणकावर मूळ संहितेतून बांधावे लागते. पायथॉनच्या जगात या तयार प्रतीला 'व्हील' म्हणतात. बांधणीसाठी सी किंवा सी++ भाषेचा कंपायलर व संबंधित शीर्ष-फाइली नसल्यास स्थापना थांबते. विंडोजवर व्हिज्युअल सी++ ची बांधणी-साधने मागणारा संदेश याच वर्गातला आहे.

भाषेच्या आवृत्तीतील बदल: ऑक्टोबर २०२३ मधील पायथॉन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स हा जुना घटक काढून टाकण्यात आला. त्यावर विसंबून असलेली काही जुनी पॅकेजे या आवृत्तीवर बांधता येत नाहीत.

नावांतील तफावत: संहितेत वापरायचे नाव आणि बसवताना द्यायचे नाव वेगळे असते. संहितेत 'एसकेलर्न' म्हणून येणारे पॅकेज 'सायकिट-लर्न' या नावाने बसवावे लागते, 'सीव्ही२' साठी 'ओपनसीव्ही-पायथॉन', तर 'पीआयएल' साठी 'पिलो'.

परवानगी व परिवेश: प्रणालीच्या स्वतःच्या पायथॉनमध्ये पिपने ढवळाढवळ करू नये म्हणून डेबियन १२ पासून अशी स्थापना रोखली जाते आणि 'हा परिवेश बाहेरून व्यवस्थापित आहे' अशा अर्थाचा संदेश दिसतो.

जाळे व साठवण: महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील प्रॉक्सी, संगणकाचे चुकलेले घड्याळ आणि त्यामुळे नाकारली जाणारी प्रमाणपत्रे, अर्धवट उतरलेली फाइल, किंवा व्यवस्थापकाने पूर्वी साठवून ठेवलेली कालबाह्य प्रत.

नोंदीचे घटक

उपयुक्त नोंदीत पुढील सहा गोष्टी असाव्यात.

१. त्रुटीचा संदेश जसाच्या तसा. शोधयंत्रावर वाचक तोच मजकूर टाकून शोधतो. लांबलचक लॉगमध्ये शेवटची ओळ बहुधा केवळ 'स्थापना अयशस्वी' एवढेच सांगते. खरे कारण वरच्या भागात, पहिल्या त्रुटीजवळ सापडते. म्हणून त्या पहिल्या त्रुटीची ओळ नोंदवावी.

२. परिस्थिती. कार्यप्रणाली व तिची आवृत्ती, प्रक्रियकाचा प्रकार, भाषेची आवृत्ती, पॅकेज-व्यवस्थापकाची आवृत्ती.

३. कारण. एका वाक्यात का होईना, त्रुटी का येते ते सांगावे. कारण ठाऊक असलेला वाचक थोड्या वेगळ्या परिस्थितीतही आपला मार्ग काढू शकतो.

४. उपाय. द्यावयाच्या आज्ञा क्रमाने, आणि प्रत्येक आज्ञा काय करते त्याचे अल्प स्पष्टीकरण.

५. पडताळणी. उपाय लागू पडला हे कशावरून ओळखावे.

६. कालमर्यादा. नोंद केव्हा लिहिली आणि कोणत्या आवृत्तीनंतर ती अनावश्यक ठरेल.

उदाहरणादाखल डेबियन १२ वरील वर उल्लेखिलेल्या संदेशाची नोंद अशी लिहिता येईल. 'परिस्थिती: डेबियन १२, प्रणालीसोबत आलेला पायथॉन ३.११. कारण: प्रणालीची स्वतःची काही साधने याच पायथॉनवर चालतात, म्हणून त्यात पिपने पॅकेजे बसवण्यास मनाई आहे. उपाय: एपीटीने पायथॉनच्या आभासी परिवेशाचे पॅकेज बसवावे, प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आभासी परिवेश तयार करून तो चालू करावा आणि त्यातच पिपने स्थापना करावी. पडताळणी: पिपची आवृत्ती विचारली असता दिसणारा मार्ग प्रकल्पाच्या फोल्डरमधला असावा. टीप: मनाई मोडून स्थापना करण्याचा पर्याय पिप देतो, तो वापरल्यास प्रणालीची साधने बिघडू शकतात.' यातील शेवटची टीप विशेष महत्त्वाची आहे, कारण घाईत असलेला वाचक नेमका तोच पर्याय आधी वापरून पाहतो.

उदाहरण: मायावी

महाराष्ट्राशी संबंध असलेल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांपैकी 'मायावी' हा या विषयाचा चांगला नमुना आहे. वैज्ञानिक माहितीचे त्रिमितीय चित्रण करणारे हे पायथॉन सॉफ्टवेअर प्रभू रामचंद्रन यांनी सुरू केले. ते भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील एरोस्पेस अभियांत्रिकी विभागात प्राध्यापक आहेत. प्रकल्पाच्या वाढीत एनथॉट या कंपनीचा व गाएल वारोको यांचा मोठा वाटा आहे. रामचंद्रन व वारोको यांचा मायावीविषयीचा लेख २०११ मध्ये 'कम्प्युटिंग इन सायन्स अँड इंजिनिअरिंग' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मायावीची स्थापना अवघड ठरण्याचे कारण तिच्या रचनेत आहे. प्रत्यक्ष चित्रणाचे काम व्हीटीके हे सी++ मध्ये लिहिलेले भले मोठे ग्रंथालय करते. मायावी त्यावर 'टीव्हीटीके' नावाचे पायथॉनचे आवरण चढवते. हे आवरण आधीपासून लिहिलेले नसते. मायावीची बांधणी होत असताना संगणकावर असलेले व्हीटीके तपासून, त्यात सापडणाऱ्या वर्गांनुसार ते तयार होते. यावरून दोन गोष्टी ओघाने येतात. बांधणीपूर्वी व्हीटीके उपस्थित असलेच पाहिजे, आणि नंतर व्हीटीकेची आवृत्ती बदलली तर आधीचे आवरण तिच्याशी जुळेलच असे नाही. याखेरीज खिडक्या व बटणे दाखवण्यासाठी पायक्यूट किंवा तत्सम संच स्वतंत्रपणे लागतो.

येथे पिपची एक सोय अडचणीची ठरते. वेळ वाचावा म्हणून पिप एकदा बांधलेले पॅकेज साठवून ठेवतो व पुढच्या वेळी तेच बसवतो. वापरकर्त्याने व्हीटीके बदलून मायावी पुन्हा बसवली, तरी जुन्या व्हीटीकेनुसार बांधलेली साठवणीतली प्रत पुढे येते. स्थापना यशस्वी झाल्याचे दिसते आणि प्रत्यक्ष वापरताना मात्र टीव्हीटीकेच्या नावाने अनाकलनीय त्रुटी येतात.

मायावीच्या स्थापना-मार्गदर्शिकेने ही अडचण कारणासह नोंदवलेली आहे. पिप बांधलेल्या प्रती साठवतो, व्हीटीकेची आवृत्ती बदलल्यास त्यामुळे गंभीर अडचणी येऊ शकतात, असे सांगून साठवणीतली प्रत टाळण्याची व पुन्हा सक्तीने स्थापना करण्याची आज्ञा तीत दिली आहे. सोबत तपशीलवार संदेश दाखवण्याचा पर्याय सुचवला असून त्याचेही कारण दिले आहे: आवरण स्थापनेच्या वेळीच बांधले जाते, ती बांधणी मध्येच कोसळू शकते, आणि ती पूर्ण झाली की नाही हे या संदेशांवरून कळते. व्हीटीकेच्या तयार प्रती कोणत्या यंत्रांसाठी उपलब्ध आहेत याचा उल्लेख, आणि त्या नसल्यास कोणत्या मार्गाने जावे याची सूचनाही तेथे आहे. स्थापना झाल्यावर तिची चाचणी कशी घ्यावी यासाठी वेगळा भाग आहे.

त्रुटीचा नेमका मजकूर प्रत्येकाच्या संगणकावर वेगळा असला, तरी 'आवरण व व्हीटीके यांचा मेळ बसला नाही' हे कारण एकदा समजले की वाचक स्वतः निदान करू शकतो.

मराठीतून मार्गदर्शन

स्थापनेविषयीचे बहुतेक लेखन इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या विद्यार्थ्यापुढे त्यामुळे दुहेरी अडथळा उभा राहतो: त्रुटी समजून घ्यायची आणि तिच्यावरचे इंग्रजी विवेचनही उलगडायचे. या दिशेने झालेले उल्लेखनीय काम म्हणजे भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने व केंद्र शासनाच्या शिक्षण मंत्रालयाच्या अर्थसाहाय्याने चाललेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरविषयीचे साधारण दहा मिनिटांचे चित्रित पाठ तयार केले जातात. त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. जाळ्याची जोडणी नसलेल्या ठिकाणीही पाठ पाहता यावेत यासाठी ते उतरवून घेण्याची सोय आहे.

या पाठांच्या आरंभी निवेदक आपण कोणती कार्यप्रणाली व सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरत आहोत हे सांगतो आणि पाठापूर्वी काय येणे आवश्यक आहे तेही नमूद करतो. पाठ जुना झाला तरी तो कोणत्या परिस्थितीसाठी होता हे वाक्य टिकून राहते, आणि आपल्या पडद्यावर वेगळे का दिसते याचा विद्यार्थ्याला उलगडा होतो.

मराठीत अशी नोंद लिहिताना त्रुटीचा संदेश व आज्ञा मूळ लिपीतच ठेवाव्या लागतात, कारण संगणक त्याच स्वीकारतो आणि शोधही त्यांवरूनच लागतो. कारण, अटी व स्पष्टीकरण मात्र मराठीत द्यावे. संदेशाचे केवळ भाषांतर दिल्यास वाचकाला अर्थ कळतो, पण आपल्या पडद्यावरचा संदेश तोच आहे की नाही हे ताडून पाहता येत नाही.

जेथे जाळ्याची गती कमी आहे, तेथे एका संगणकावर सर्व पॅकेजे एका फोल्डरमध्ये उतरवून घेऊन, तो फोल्डर पेन ड्राइव्हवरून नेऊन इतर संगणकांवर स्थापना करता येते. पिपमध्ये ही सोय आहे. दोन्हीकडील कार्यप्रणाली, प्रक्रियकाचा प्रकार व पायथॉनची आवृत्ती सारखी असावी ही तिची मुख्य अट होय, आणि नोंदीत नेमकी हीच अट राहून जाण्याचा संभव असतो.

उपायांचे आयुर्मान

काही उपाय कारण दूर करतात, तर काही केवळ लक्षण झाकतात. ऑक्टोबर २०२१ मधील नोड.जेएसच्या सतराव्या आवृत्तीत ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आली. जुन्या वेबपॅकमध्ये वापरलेली एमडी४ ही कालबाह्य पद्धत तीत मुळात बंद असल्याने असंख्य प्रकल्पांची बांधणी थांबली. एक परिवेश-चल भरून जुनी पद्धत पुन्हा चालू करण्याचा उपाय सर्वत्र पसरला. त्याने बांधणी सुरू झाली खरी, परंतु मूळ दोष तसाच राहिला. वेबपॅक अद्ययावत करणे हा त्यावरचा खरा उपाय होता. तात्पुरता उपाय नोंदवणे गैर नाही, पण तो तात्पुरता आहे असे त्याच ओळीत लिहिले पाहिजे.

जुनी नोंद काढून टाकण्याऐवजी ती कोणत्या आवृत्तीपर्यंत लागू होती हे लिहून वेगळी ठेवणे अनेक प्रकल्प पसंत करतात, कारण जुन्या संगणकांवर काम करणाऱ्यांना तिची गरज असते. सूचना आजही लागू पडतात की नाही हे पाहण्यासाठी त्या वेळोवेळी स्वच्छ संगणकावर क्रमाने चालवून पाहणे हा खात्रीचा मार्ग आहे. लेखकाच्या संगणकावर कधीकाळी बसवलेली साधने आधीच असतात, त्यामुळे तेथे सुटून गेलेली पायरी लक्षात येत नाही. हे काम आपोआप करणाऱ्या स्वयंचलित चाचण्यांचा वापर आता रूढ झाला आहे.

सुरक्षा

चुकीचा उपाय केवळ निरुपयोगी नसतो, तो घातकही असू शकतो. प्रमाणपत्र-तपासणी बंद करणे किंवा प्रशासकाच्या अधिकाराने स्थापना करणे यांनी त्रुटी नाहीशी होते, पण त्याबरोबर एक संरक्षणही जाते. पॅकेजचे नाव अंदाजाने टाकणे हेही धोक्याचे आहे. प्रसिद्ध पॅकेजांच्या नावांशी साम्य असलेल्या नावांनी अपायकारक पॅकेजे सार्वजनिक संग्रहांत ठेवण्याचे प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. अॅलेक्स बिर्सान या सुरक्षा-संशोधकाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजांची नावे सार्वजनिक संग्रहात वापरून अनेक मोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांत आपली संहिता कशी पोहोचवता आली हे दाखवून दिले. म्हणून नोंदीत पॅकेजचे नाव अक्षरशः अचूक असणे आवश्यक ठरते.

मर्यादा व पर्याय

दस्तऐवजीकरणाने सर्व अडचणी सुटत नाहीत. २२ मार्च २०१६ रोजी अवघ्या ११ ओळींचे 'लेफ्ट-पॅड' हे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमच्या संग्रहातून काढून घेतले, तेव्हा त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेल्या अनेक प्रकल्पांची स्थापना थांबली. स्थानिक नोंदीने यावर सोपा इलाज होण्यासारखा नव्हता. एनपीएमने पॅकेज परत ठेवले आणि नंतर पॅकेजे काढून घेण्याचे नियम कडक केले.

त्रुटी मुळातच कमी व्हावी यासाठी लॉक फाइलमध्ये प्रत्येक अवलंबनाची नेमकी आवृत्ती नोंदवणे, आभासी परिवेश वापरणे, डॉकरसारख्या साधनाने संपूर्ण परिवेश एकत्र देणे, तयार बांधलेल्या प्रती उपलब्ध करणे असे मार्ग आहेत. एखाद्या त्रुटीची नोंद वारंवार वाचली जात असेल, तर ती त्रुटी मूळ पॅकेजच्या देखभालकर्त्यांना कळवणे अधिक श्रेयस्कर असते. तेथे एकदा झालेली दुरुस्ती सर्वांना मिळते आणि त्या आवृत्तीपुरती नोंदीची गरजच उरत नाही. मात्र अशी तक्रार करतानाही संदेश, परिस्थिती व कारण हीच माहिती द्यावी लागते. ती नीट लिहून ठेवलेली असेल, तर देखभालकर्त्याचे अर्धे काम झालेले असते.

हे सुद्धा पहा

पॅकेज-व्यवस्थापक
मुक्त सॉफ्टवेअर
पायथॉन (आज्ञावली भाषा)
भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई
पुणतांबा